डोंगर राखणाऱ्यांचा वाटा

जंगल राखायचे तर त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांना आधी दूर ठेवले पाहिजे, ही समजूत आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून मुरलेली आहे. 1878 च्या वन कायद्याने डोंगरांवर सरकारची हुकमत बसली. जंगल खात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या शेरडांनाही चरायला जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 मध्येच मांडली होती. ज्या डोंगरावर आपला हक्क नाही, तो राखण्याची आच गावाला कशी असणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहायला हवे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या गावात वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडतो. भोवतालचे डोंगर जळण आणि चराईपायी बोडके झाले होते. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली आणि माणसे पुण्या-मुंबईकडे निघाली. वन विभागाची गावातील सुमारे 70 हेक्टर जमीनही नावापुरतीच जंगल होती.

उघडा डोंगर विहीर का आटवतो, हे समजून घेणे अवघड नाही. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, मुळात कठीण. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या मुरमात. उतारावर गवत नसेल तर पावसाचा थेंब माती सैल करून तिच्यासकट ओढ्याला जातो. मुरमापर्यंत पोहोचायला त्याला उसंतच मिळत नाही. कंटूर ट्रेंच, म्हणजे समान उंचीच्या रेषेवर खोदलेले सलग समतल चर, या पाण्याला जागोजाग थांबवतात. मात्र चर काही वर्षांत गाळाने भरतात. तोवर गवताच्या मुळांनी माती धरली नसेल, तर खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणजे खरा प्रश्न त्या मधल्या वर्षांत डोंगरावर जनावर जाऊ नये, हा असतो.

1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. नव्वदच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आले आणि नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ग्रामसभेने स्वीकारली. चर आणि बांधांसाठी पैसा मुख्यतः रोजगार हमी योजनेतून आला. अशी कामे राज्यात इतरत्रही झाली आहेत. बंदी मात्र फार थोड्या ठिकाणी टिकली.

ती इथे टिकली याचे मोठे कारण गवत आहे. झाड मोठे व्हायला दहा वर्षे लागतात, पण राखलेला डोंगर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच चारा देतो. गुरे सोडायला मनाई, पण विळ्याने गवत कापून दावणीला नेण्याची मुभा, असा हा नियम आहे. गावातून मिळणारा चारा 2000 मध्ये सुमारे 100 टन होता. 2004 पर्यंत तो 6000 टनांवर गेल्याची नोंद आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला 150 लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे 4000 लिटरपर्यंत पोहोचले. चराईबंदीने ज्याचे नुकसान व्हायचे, त्याच्याच गोठ्यात तिचा मोबदला आला. कुंपण आणि पहारेकरी यांना जे साधत नाही, ते या हिशेबाने साधले.

डोंगरात मुरलेले पाणी उपसून संपवण्याची मोकळीकही गावाने ठेवली नाही. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाहीत. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पिके त्यावरून ठरतात. पाऊस कमी झाला तर पिण्याचे पाणी आधी राखले जाते.

एका गावावरून सिद्धांत बांधू नये, हा आक्षेप रास्त आहे. हिवरे बाजार लहान आहे, त्याला दीर्घकाळ एकच खंबीर नेतृत्व लाभले आणि सरकारी योजनाही मिळाल्या. शिवाय चराईबंदीचा पहिला फटका दुभते जनावर असणाऱ्याला बसत नाही. तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला बसतो. गवताची वाट पाहायला त्याच्याकडे सवडही नसते आणि दावणही.

कायद्याचा आधार हा दुसरा कच्चा दुवा. 1990 मध्ये केंद्राने संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण आणले. त्यात गावाला राखणीचे काम आणि उत्पन्नात वाटा मिळाला, पण अखेरचा शब्द वन खात्याचाच राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने हे बदलले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे आपला बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. जागतिक अनुभवही याच दिशेचा आहे. सामायिक संपत्तीचे नियम वापरणाऱ्यांनीच केले आणि मोडणाऱ्यावर त्यांचीच नजर राहिली तर ती टिकते, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना त्याच 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणून दरवर्षी रोपांच्या संख्येचे उच्चांक जाहीर करण्याऐवजी राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. डोंगर राखायला तयार असलेल्या ग्रामसभेला तिथल्या गवत, जळण आणि वनोपजावरचा हक्क लेखी द्यावा. आणि चराई बंद झाल्यापासून चारा हाती येईपर्यंत गावातील भूमिहीन पशुपालकाला रोजगार हमीतून हक्काचे काम द्यावे.