मार्क बेताचेच आले, फॉर्म आता भरावा की थांबावे?

आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतील मुलामुलींमध्ये एमबीए करण्याची ओढ वाढली आहे, ही समाधानाची बाब आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे ज्या घरांच्या दोन-दोन पिढ्या लूमच्या खडखडाटात गेल्या, त्या घरांत आता कॅट आणि सीईटीचे फॉर्म भरले जातात. निकाल लागला की बाप विचारतो, मुलाला 76 पर्सेंटाइल आले आहेत, या वर्षीच कुठेतरी घालून टाकू की थांबू? कोणी सांगतो, तालीमचे वय निघून जाईल, घालून टाका. कोणी सांगतो, एक वर्ष घरी बसवा आणि चांगला क्लास लावा. आम्हाला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. 76 पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी 76 गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे 76 जण या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अलीकडच्या वर्षांत कॅटमध्ये एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास मिळवणाराही 99 पर्सेंटाइलपर्यंत पोहोचला आहे. म्हणजे मुलगा नापास झालेला नाही. पण जुन्या आयआयएमकडून मुलाखतीचे बोलावणे यायला सर्वसाधारण गटात नव्वदीच्या बरेच पुढे जावे लागते, हेही तितकेच खरे. उर्दू माध्यमाच्या मुलांचे बहुधा गणित बरे असते, घसरतात ती इंग्रजी उताऱ्यांच्या विभागात. तेथे प्रत्येक विभागाची वेगळी किमान रेषा असते, म्हणून एकूण बेरीज चांगली असूनही काही मुले बाहेर राहतात.

आता थांबण्याचा हिशेब. बाजार मंदा असला की आपण ग्रे कापडाचे ताके गोदामात ठेवून भावाची वाट पाहू शकतो. कॅटचा निकाल असा ठेवता येत नाही. तो त्याच मोसमातील प्रवेशाला चालतो, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. परदेशासाठी देतात त्या जीमॅटचा निकाल मात्र पाच वर्षे चालतो. तेव्हा मुलगा थांबणार असेल तर त्या काळात त्याच्या अर्जात नेमके काय सुधारणार, हे बापाने विचारले पाहिजे. आयआयएममध्ये दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मोजले जातात, ते आता बदलणार नाहीत. बदलू शकतात अशा गोष्टी दोनच : परीक्षेचा निकाल आणि कामाचा अनुभव. घरी बसून क्लास करणाऱ्या मुलाची फक्त पहिली सुधारते, तीही सुधारली तर. नोकरी करत करत पुन्हा परीक्षा देणाऱ्याच्या दोन्ही सुधारू शकतात. कॅट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही.

येथे आपल्या घरांचा एक मोठा तोटा होतो. आमच्या ओळखीतील एक मुलगा बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षे अब्बांच्या पेढीवर बसला. सुताची खरेदी, दलालांशी भाव, बाहेरगावची उधारी वसूल करणे, सगळे तोच पाहायचा. एखाद्या कंपनीतील त्याच्या वयाच्या पगारी मुलाने इतके काम पाहिले नसेल. फॉर्ममध्ये त्याने 36 महिने लिहिले, आणि पुरावा मागितल्यावर दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हते. पगार नाही, नेमणुकीचे पत्र नाही, भागीदारीच्या करारात नाव नाही. संस्थेने ती तीन वर्षे शून्य धरली. आम्ही त्या संस्थेला दोष देत नाही, तोंडी हिशेब परका माणूस का मानील? पण मुलाची तीन वर्षे तर गेलीच.

म्हणून मुलगा गादीवर बसणार असेल तर पहिल्या महिन्यापासून त्याला पगारावर घ्या. पगार बँकेतून द्या, नेमणुकीचे पत्र पेढीच्या लेटरहेडवर द्या, त्याचे इन्कम टॅक्स रिटर्न वेळेवर भरा. भागीदार करायचे असेल तर करारात आणि जीएसटी नोंदणीत त्याचे नाव चढवा. पदवीनंतरचा, पूर्णवेळ आणि फॉर्मवर दिलेल्या तारखेपर्यंतचाच अनुभव सहसा मोजतात. कॉलेजात असताना दुकानात घालवलेल्या सुट्ट्या त्यात येत नाहीत. हैदराबाद आणि मोहाली येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी साधारणपणे किमान 24 महिन्यांचा अनुभव लागतो. बेताच्या गुणांच्या, पण धंदा कळणाऱ्या मुलाने दोन वर्षांचा बेत या हिशेबाने आखावा.

मात्र राज्याच्या सीईटीला हा हिशेब लागू नाही. तेथे कॅप फेऱ्यांत जागा मिळते ती परीक्षेतील क्रमावर, अनुभवाला वेगळे गुण नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅममध्ये जायचे असेल तर दोन वर्षांच्या पगारपत्रकाने क्रम वर सरकणार नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वेग लागतो, आणि वेग सरावाने येतो. त्यामुळे ज्याला राज्यातच शिकायचे आहे त्याने अनुभवासाठी थांबू नये. कॅप फेऱ्यांत बरी संस्था, परवडणारी फी आणि मान्य पदवी मिळत असेल तर घ्यावी. अनुभवाचा उपयोग पुढे कंपन्या नोकरी देताना होईल, तो वेगळा.

आणि मे-जूनमध्ये फोन करणाऱ्या एजंटांना दूर ठेवा. ‘शेवटची सीट आहे, संध्याकाळपर्यंत पैसे भरा’ ही भाषा आपण बाजारात रोज ऐकतो. त्या भावात ताका घ्यायला आपण तयार होत नाही, मग मुलाच्या दोन वर्षांसाठी का व्हावे? संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का, गेल्या वर्षीच्या मुलांना कोठे काम मिळाले, हे त्या मुलांनाच भेटून विचारावे. अशा जागेसाठी कर्ज काढण्यापेक्षा एक वर्ष सुरतेला कापडाच्या पेढीत नोकरी केलेली आम्हाला जास्त फायद्याची वाटते.

मुलींबाबत हा सल्ला आम्ही तसाच देणार नाही. मुलगा दोन वर्षे थांबला तर थांबतो. मुलीला थांबवले की मधल्या काळात रिश्ता येतो आणि फॉर्म राहून जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अनेक आयआयएम निवडीत मुलींना आणि काही ठिकाणी इंजिनिअरिंगखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांना थोडे जादा गुण देतात. बी.कॉम. झालेल्या मुलीचे 85 पर्सेंटाइल म्हणूनच घरच्यांना वाटते तितके कमी नसतात. तिला पदवीच्या शेवटच्या वर्षीच फॉर्म भरू द्यावा, तशी परवानगी आहे.

शेवटी कागदपत्रांचे. ओबीसी यादीतील बिरादऱ्यांच्या मुलांना जागा राखीव आहेत, परंतु जातीचा दाखला, त्याची पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हाती नसल्याने कित्येक मुले खुल्या गटात ढकलली जातात. 2017 पासून नॉन-क्रिमीलेअरची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे. कॅटसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचा, एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. कॅटचे फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून ईद असो की लग्नसराई, तहसीलचे हेलपाटे त्याआधी उरकलेले असावेत.