आजीला बसता येईल असा पाळणा

जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली नदी बंद झाली. माणसांनीच खोदलेली नदी, तिच्यात पाण्याखालच्या रुळावरून फिरणारी, पण खऱ्या वाफेच्या इंजिनाची बोट, आणि मधोमध टॉम सॉयरच्या नावाचं बेट. उद्यान १९७१ साली उघडलं तेव्हापासून ही नदी तिथे होती. आता त्या जागी ‘कार्स’ या चित्रपटावर बेतलेला नवा भाग होतो आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला याचं फार वाईट वाटलं. ती काही डिस्नेवेडी नाही. पण सांगलीहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन ती तिथे गेली होती, आणि दिवसभर उन्हात चालून थकलेल्या त्या दोघांना ज्यात मनापासून बसावंसं वाटलं अशा मोजक्या गोष्टींत ही बोट होती. वरच्या मजल्यावर वारा लागायचा. सासरे कठड्याला टेकून नातवाला भोंगा कुठून वाजतो ते समजावत होते. नातूही ऐकत होता, कारण त्या दिवसात पहिल्यांदाच आजोबा त्याच्या शेजारी होते.

जुनी राइड ठेवावी की काढावी, या वादात बहुतेकदा आठवणींवरूनच भांडण होतं. एकाचं बालपण तिथे अडकलेलं असतं. दुसरा विचारतो, तुमच्या बालपणासाठी आम्ही जागा का अडवून ठेवायची? हा दुसरा मला बरोबर वाटतो. नुसत्या आठवणीसाठी लोखंड सांभाळणं कुणाला परवडत नाही, आणि वर्षानुवर्षं पाय न ठेवता फक्त बंद होण्याच्या बातमीवर हळहळणाऱ्या लोकांच्या मताला मी फार किंमत देणार नाही. मला काळजी आहे ती आज तिथे तिकीट काढून उभ्या असलेल्या माणसांची.

कुठल्याही नव्या पार्कात जाऊन पाहा. दारातून कुटुंब एकत्र शिरतं आणि पहिल्याच मोठ्या राइडपाशी फुटतं. उंची मोजायच्या पट्टीखाली धाकटा कमी भरतो. रक्तदाब, पाठदुखी, गरोदरपण यांची पाटी वाचून आणखी दोघं-तिघं मागे येतात. मग आजी बाकावर बसते आणि सगळ्यांचे मोबाइल, चपला, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याची पुडी असं सगळं तिच्या मांडीवर जमा होतं. माझ्या आईनं असे कितीतरी दिवस काढले आहेत. तिचंही तिकीट आम्ही काढलेलं असायचं. संध्याकाळी ‘मजा आली का गं?’ विचारलं की ‘तुम्हाला हसताना बघून आली’ म्हणायची. तिचं ते उत्तर मी बरीच वर्षं खरं मानून चालले.

जुन्या राइड्स हळू चालतात, आणि म्हणूनच त्यांत तीन पिढ्या एका बाकावर मावतात. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली. तेव्हा आजूबाजूला प्राणिसंग्रहालय होतं. पुढे प्राणी कात्रजला गेले, बागेचं रूप पालटलं, आणि गाडी मात्र तिथेच फिरत राहिली. खिडकीतून बघायला आता वाघ नाही, तरी मुलं बसतात. पन्नाशीतली आई, तिची आई आणि चार वर्षांची मुलगी एकाच डब्यात बसून एकाच वळणावर एकदम ओरडतात. हे सुख विकत घ्यायला दुसरीकडे कितीही पैसे मोजा, सहज मिळत नाही. डिस्नेलाही हे ठाऊक असावं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये पीटर पॅनची लहानगी गलबतं १९५५ पासून हवेत तरंगत आहेत, फेरी काही मिनिटांत संपते, आणि रांग आजही लांबच असते.

जुनं म्हणजे धोक्याचं, असं सर्रास म्हटलं जातं. धोका वयात नसतो, देखभालीत असतो. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोक्यासारखी हेलकावणारी राइड तुटून दोन जणांचा जीव गेला. ती काही आजोबांच्या काळातली नव्हती. उलट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गजवळच्या कनोबेल्स या पार्कातला फीनिक्स नावाचा लाकडी रोलर कोस्टर पाहा. तो १९४७ च्या सुमारास टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत ‘रॉकेट’ या नावानं उभा राहिला. १९८० मध्ये ते उद्यान बंद पडलं आणि कोस्टर ऊन-पाऊस खात तसाच उभा राहिला. कनोबेल्सवाल्यांनी तो विकत घेतला, फळी न् फळी खूण करून उतरवली, अर्धी अमेरिका ओलांडून आणली आणि १९८५ साली पुन्हा उभा केला. लाकडी कोस्टर जपायचा म्हणजे रोज सकाळी माणसानं रुळावरून चालत जाऊन फळ्या-खिळे तपासायचे, कुजलेलं लाकूड बदलत राहायचं. ते तसं करतात, आणि आजही जगातल्या उत्तम लाकडी कोस्टरांत त्याचं नाव घेतलं जातं. या पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत. ज्या राइडमध्ये बसायचं तिचंच तिकीट काढायचं. म्हणजे आजी काही न चढता दिवसभर झाडाखाली बसली तरी तिच्या बसण्याचे पैसे कुणी घेत नाही. मला ही व्यवस्था फार सभ्य वाटते.

सगळंच जुनं राखावं असं मी म्हणणार नाही. जनावराला राबवून पोरांना दिलेली रपेट जिथे बंद झाली, तिथे चांगलं झालं. डिस्नेच्या स्प्लॅश माउंटनची गोष्ट ज्या १९४६ च्या चित्रपटातून घेतली होती, त्यात गोऱ्यांच्या मळ्यावरच्या काळ्या माणसांचं आयुष्य गोडगोड करून दाखवलेलं होतं. अमेरिकेतल्या उद्यानांत ती राइड २०२३ मध्ये बंद केली आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यातून, त्याच उतारावरून टियाना या नायिकेची नवी गोष्ट सुरू झाली. घसरण तीच, पोटात गोळा येणं तेच, फक्त अपमान काढून टाकला. इतकं नेमकं करता येतं तर बुलडोझर कशाला?

माझ्या पुतण्याशी यावर बोलणं झालं. तो खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर जीव ओवाळून टाकावा असा आवडता मानतो, आणि त्याचं खरं आहे. पायाखाली जमीन नसलेल्या बाकावर बसून उलटं होण्याचं धाडस वयात येणाऱ्या पोरांना हवंच असतं. ते त्यांना मिळालं पाहिजे. त्यासाठी लागणारी जागा आगगाडीच्या आणि लाकडी घोड्यांच्याच वाट्यातून दरवेळी का कापली जाते, एवढंच मी त्याला विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘कारण आजी रील टाकत नाही.’ मला ते लागलं, कारण ते खरं आहे. जाहिरात वेगाची होते, उंचीची होते.

आपल्याकडे तर एकेका राइडवर वाद घालायची चैनही उरली नाही, इथे अख्खी उद्यानंच बंद पडतात. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. मार्व्याहून लाँचनं खाडी ओलांडून जायचं, शाळेच्या सहलींची झुंबड, टीव्हीवरची जाहिरात. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीला रोलर कोस्टर म्हणजे काय ते तिथे कळलं. आता ते बंद आहे. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं आणि २००८ मध्ये गेलं. काय राखावं, काय हलवावं, कुठली राइड दुसऱ्या बागेत नेता येईल, हा प्रश्न फीनिक्ससारखा कुणी हाती घेतल्याचं दिसलं नाही.

गावोगावच्या नगरपालिका आता बागांमध्ये खेळणी बसवताना निविदा काढतात. त्यात राइडची क्षमता, वीज, जागा यांचे रकाने असतात. माझी मागणी आणखी एका रकान्याची आहे: पंचाहत्तर वर्षांच्या बाईला नातवंडासह यात बसता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तरी राइड जरूर आणावी. पण तिच्यासाठी जुनी काढली जाणार असेल, तर त्या आजीसाठी शेजारी काय बसवणार, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं.