मोजलेच नाही म्हणून निर्मळ ठरलेले पाणी

मुलताईजवळ उगम पावून, खानदेशची काळी जमीन भिजवीत, भुसावळ आणि प्रकाशे मागे टाकून जी तापी सुरतेस पोहोचते, तिची अखेर हजीऱ्यापाशी होते. आणि जेथे सतराव्या शतकात सुवाळीच्या बाऱ्यात इंग्रजांची गलबते नांगर टाकीत, त्याच किनाऱ्यावर आज खताचे, पोलादाचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत. सुरतेत पॉलिएस्टर विणणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारखान्यांत राबणारी असंख्य मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन लिंबायत-उधन्यात स्थायिक झाली आहेत. तेव्हा या नदीमुखात काय मिसळते, हा प्रश्न केवळ गुजरातच्या दफ्तरातला नव्हे.

त्यातील जो भाग मला सर्वाधिक अस्वस्थ करतो, तो धुराड्यातून दिसत नाही. डाग न धरणाऱ्या कापडावर चहाचा थेंब सांडला, तर अळूच्या पानावरून पाणी ओघळावे तसा तो घरंगळून जातो, आणि धाग्याला ओल लागत नाही. हे कौतुक पुष्कळदा पीएफएएस नावाच्या संयुगांचे असते. न चिकटणारा तवा, तेल न शोषणारा कागद, रेनकोट, आग विझविण्याचा फेस, सर्वत्र हाच परिवार आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका दृढ, की सांडपाणी शुद्धीकरणातील जिवाणूंना तो तुटत नाही. धुण्यागणिक कापडावरून सुटलेला अंश मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि तेथून माशांत व माणसांच्या रक्तात जातो. पाणी उकळून प्यावे, हा आपल्या घरोघरचा शहाणपणाचा उपायही येथे निरुपयोगी, कारण उकळल्याने पाणी आटते, ही संयुगे नव्हेत.

अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या परिसरातील सुमारे 69,000 रहिवाशांच्या तपासणीतून या कुळातील पीएफओएचा संभाव्य संबंध मूत्रपिंडाच्या व वृषणाच्या कर्करोगाशी, थायरॉईडच्या विकाराशी आणि गर्भारपणातील रक्तदाबाशी असल्याचा निष्कर्ष निघाला. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याच द्रव्यास निश्चित कर्करोगकारक ठरविले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा एक लाख कोटी भागांत चार भाग इतकी ठरविली.

ही दूर देशींची कथा म्हणून सोडून द्यावी, तर ती आपल्या कोकणातच येऊन बसली आहे. इटलीतील व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाच्या कारखान्याने याच संयुगांनी भूजल असे दूषित केले, की सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. 2018 मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि 2025 च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून कारावासाच्या शिक्षा सुनावल्या. दरम्यान त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे दाखल झाली होती. लोट्याच्या सांडपाण्याने मासे मरतात, अशी कैफियत दाभोळ खाडीतील भोई मच्छीमार वर्षानुवर्षे मांडीत आहेत. त्यांच्या वाट्याला हा नवा शेजार आला, तेव्हा त्यांचे मत कोणी विचारले?

आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी सांडपाण्याचा नमुना नेतो, आम्लता, प्राणवायूची मागणी, जड धातू तपासतो, आणि आकडे मर्यादेत बसले की दाखला मिळतो. या संयुगांची मर्यादाच ठरलेली नसल्याने ती तपासलीही जात नाहीत; पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या भारतीय मानकातही त्यांना स्थान नाही. दीर्घजीवी प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम करारास भारताने 2006 मध्ये मान्यता दिली, 2018 च्या नियमांनी सात रसायनांवर बंदीही घातली. परंतु पीएफओए आणि त्याच परिवारातील पीएफओएस त्या सातांत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनांतून पीएफएएस हद्दपार करण्याचा मसुदा काढला, ही समाधानाची गोष्ट. पण वेष्टनातून काढलेले विष कापडातून मोकाट राहील, तर पाण्याला त्याचा काय लाभ?

कारखाने बंद पडले तर खानदेशातून आलेल्या माणसाने खावे काय, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु डाग न धरणारा सोफा ही कोणाच्या भाकरीची अट नव्हे; जेथे पर्याय आहे तेथे ही द्रव्ये थांबविल्याने माग थांबत नाहीत. समुद्र मोठा आहे, तो सर्व पोटात घेईल, हा दुसरा युक्तिवाद तर हजीऱ्याच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्याने तरी करू नये. खंबायतच्या आखाताची भरती तेथे दिवसातून दोनदा नदीत उलटी शिरते आणि ओहोटीने नेलेल्यातील काही भाग पुन्हा गाळात आणून सोडते. म्हणून तापीच्या मुखाचा आणि दाभोळ खाडीचा गाळ, पाणी व मासे यांची या संयुगांसाठी तपासणी दोन्ही राज्यांच्या मंडळांनी याच वर्षी हाती घ्यावी, निष्कर्ष गुजरातीत आणि मराठीत ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत, आणि तोवर अशा उत्पादनास नवा परवाना देऊ नये.