पडद्याआडचा साक्षीदार

आपल्याविरुद्ध कोण बोलतो हें आरोपीस कळूं नये, आणि त्याच्या बोलण्यावर आरोपीनें तुरुंगांत मात्र जावें, ही रीत न्यायाची म्हणावी काय? ‘टाडा’ (१९८७) व ‘पोटा’ (२००२) हे दोन्ही कायदे आतां राहिले नाहींत. परंतु साक्षीदाराचें नांव-गांव गुप्त राखण्याचा अधिकार देणारें कलम १९६७ च्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत आजही कायम आहे.

साक्षीदारास जिवाची भीति असते, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यास पहारा द्या, त्याचें घर बदलून द्या. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मंजूर केलेल्या साक्षीदार-संरक्षण योजनेंत या सोयी सांगितल्याच आहेत. त्यानें दुरून साक्ष द्यावी यासही आमची हरकत नाहीं. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. देसाई या २००३ सालच्या निकालानें अमेरिकेंतील डॉक्टरची साक्ष दूरचित्राच्या पडद्यावर घेण्यास मोकळीक मिळाली, तीही योग्यच. तेथें साक्षीदार दूर होता, पण तो कोण हें आरोपीस ठाऊक होतें. नांवच ठाऊक नसेल तर वकिलानें उलटतपासणी कसली करावी? साक्षीदाराचें आरोपीशीं जमिनीचें भांडण आहे कीं देण्याघेण्याचें, तो पोलिसांच्या उपकाराखालीं आहे कीं काय, हे प्रश्न विचारतांच येत नाहींत. बाजारांत कोणी बाकी सांगितली तर आमचे व्यापारी बंधु आधीं सांगणाऱ्याचें नांव विचारतात आणि मग खातेवही उघडावयास लावतात. तेथें तर फक्त रुपयांचाच प्रश्न असतो!

१६०३ सालीं विंचेस्टर येथें सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. मुख्य पुरावा लॉर्ड कॉबम याच्या जबाबाचा, आणि तो जबाबही त्यानें मध्यंतरीं फिरविलेला. ‘त्यास माझ्यासमोर आणा’ अशी रॅलेनें परोपरीनें विनवणी केली. कॉबम कैदेंत जिवंत होता, तरी त्यास आणलें नाहीं. देहान्ताची शिक्षा झाली व १६१८ सालीं ती अंमलांत आली. अमेरिकेनें १७९१ सालीं साक्षीदारास समोरासमोर पाहण्याचा हक्क आपल्या घटनेंत घातला. परक्या सरकारनें येथें केलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेंही एका कामांतील मृत साक्षीदाराची साक्ष पुढील कामांत घेण्यास पूर्वी उलटतपासणीची संधि मिळालेली असावी, अशी अट घातली होती.

करतारसिंग खटल्यांत (१९९४) सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदारांचीं नांवें खटला सुरू होण्यापूर्वीं कळवावीं असें सुचविलें, पण सबळ कारण असल्यास अपवाद ठेवला. त्या अपवादाचें दार फार रुंद आहे. निदान आरोपीच्या वकिलास, गुप्ततेच्या शपथेवर, नांव सांगितलेंच पाहिजे. आणि ज्याचें नांव त्यासही सांगतां येत नाहीं, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर कोणासही शिक्षा देऊं नये, असें कलम संसदेनें त्या कायद्यांत घालावें.