होडीचं इंजिन रुसलं तर?

मालवण, तारकर्ली नाहीतर देवबागच्या किनाऱ्यावर गेलात की लहान होड्यांच्या मागच्या फळीकडे जरूर बघा. तिथे बाहेरून अडकवलेलं एक इंजिन दिसेल. होडीच्या बाहेर बसतं, म्हणून ते 'आउटबोर्ड'! वर इंजिनाचं डोकं, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा. अख्खं इंजिनच वळवलं की होडी वळते, वेगळं सुकाणू लागत नाही. 1909 साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी असं इंजिन बनवलं आणि ते पुढे जगभर पोचलं.

रस्त्यात स्कूटर बंद पडली तर ती बाजूला उभी करता येते. समुद्रात तशी सोय नाही! इंजिन थांबलं की वारा आणि लाटा नेतील तिकडे होडी जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तर पाण्याखाली खडक लपलेले आहेत. म्हणून इंजिन बंद पडलं की पहिलं काम दुरुस्तीचं नाही, तर नांगर टाकायचं. होडी एका जागी राहिली की मग डोकं शांत ठेवून दोष शोधता येतो.

तो कसा शोधायचा? सोप्यापासून सुरुवात करायची. चालकाच्या मनगटाला बांधलेली सुरक्षा-दोरी निसटली का? ती निसटली की इंजिन मुद्दामच बंद होतं. ती जागेवर असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघायचा. तो बंद राहिला, तर इंजिन थोडा वेळ चालतं आणि मग गप्प! नंतर नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबायचा, म्हणजे इंधन पुढे जातं. तरीही हूं की चूं नाही? मग प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर इंधन पोचत नाही, ओलाचिंब असेल तर जास्त झालंय.

कधी इंजिन जोरात चालतं, पण होडी हलतच नाही! पंख्यात जाळं किंवा दोरी अडकलेली असते, नाहीतर 'शिअर पिन' तुटलेली असते. ही छोटीशी पिन मुद्दाम कमजोर ठेवतात. पंखा खडकावर आपटला की ती स्वतः तुटते आणि आतले महागडे गिअर वाचवते. पण पंख्याला हात लावायचा तो इंजिन बंद करून, सुरक्षा-दोरी काढूनच, बरं का!

हे इंजिन थंड राहतं समुद्राच्या पाण्यावर. आतलं रबरी पाकळ्यांचं चाक पाणी वर खेचतं आणि मागून त्याची बारीक धार पडते. ती धार म्हणजे इंजिनाची नाडीच! धार थांबली की इंजिन लगेच बंद करायचं. पाणी आत घेणाऱ्या जाळीत बहुतेकदा प्लॅस्टिकची पिशवी किंवा वाळू अडकलेली असते. आणि पाण्याबाहेर इंजिन कोरडं चालवायचं नाही, नाहीतर त्या पाकळ्या थोड्याच वेळात जळतात.

फेरी संपली की इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं, कारण आत राहिलेलं मीठ सुकून वाटा बुजवतं. खारं पाणी धातूही खातं. म्हणून खाली जस्ताचा तुकडा लावतात. तो स्वतः झिजतो आणि इंजिनाला वाचवतो. त्याच्यावर रंग मात्र लावायचा नाही. रंग लावला की त्याचं काम संपलं!

प्लग, पेट्रोल ही कामं मोठ्यांची. तुमचं काम वेगळं. होडीत बसण्याआधी आई-बाबांसह लाइफ जॅकेट घाला आणि होडीत वल्ही व नांगर आहेत ना, ते विचारा.

करून पाहा : स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं टोक बोटाने बंद करा आणि उचला. पाणी आतच! बोट काढलं की पडलं. आता सांगा, टाकीला हवेचा स्क्रू कशासाठी?