नाताळची सजावट बोलू लागली तर!



डिसेंबर अर्धा सरला की आमच्या म्हैसूरचा रंग पालटतो. दसऱ्याची रोषणाई उतरून दोन महिने झालेले असतात, सकाळी शाल पांघरावीशी वाटेल इतका गारवा असतो आणि बाजारात कागदी चांदण्या, चमचमत्या माळा, लाल टोप्या दिसू लागतात. तुमच्या गावातही थोडंफार असंच चित्र असेल. मॉलमध्ये भलंमोठं झाड, शाळेत सांता बनून आलेले पीटीचे सर आणि बेकरीबाहेर प्लम केकची पाटी!

आता घरातल्या चिमुकल्याने विचारलं, "चांदणी का लावतात? झाडाला गोळे का? आणि हा सांता येशूचा कोण लागतो?" तर काय सांगाल? आजकाल पुष्कळ मुलांना नाताळ म्हणजे सांताचा वाढदिवस वाटतो! म्हणून यावेळच्या लेखात या सजावटीच्याच गोष्टी. त्या एकेक करून वाचत गेलात, तर त्यांच्यातलं एक साम्य तुमच्याही लक्षात येईल.

आधी आमचं म्हैसूर

म्हैसूरला आलात तर राजवाड्याइतकंच सेंट फिलोमिना कॅथेड्रलही बघाच. १७५ फूट उंचीचे दोन मनोरे लांबूनच नजरेत भरतात. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलवरून हा आराखडा सुचला, असं सांगतात. या जागी पूर्वी एक लहान चर्च होतं. आजच्या इमारतीची पायाभरणी २८ ऑक्टोबर १९३३ रोजी झाली आणि ती केली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांनी. चामुंडीदेवीच्या भक्त राजघराण्यातल्या राजाने चर्चचा पाया घातला! आतल्या रंगीत काचांवर येशूच्या जन्मापासूनचे प्रसंग आहेत. मुलांना घेऊन गेलात तर गोष्ट सांगायला त्या काचांसमोरच उभे राहा.

नाताळ हा शब्द कुठला?

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा सण. 'एक्समस' लिहिणं म्हणजे येशूचं नाव गाळणं, असं काहींना वाटतं. पण तो 'एक्स' म्हणजे ग्रीक लिपीतल्या ख्रिस्त या नावाचं पहिलं अक्षर!

तारखेचीही गंमत आहे. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे बायबलमध्ये कुठेच दिलेलं नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सर्वात जुनी नोंद रोममधली आहे आणि ती इसवी सन ३३६ ची.

ही जन्मकथा मराठीलाही नवी नाही बरं का. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' हे महाकाव्य चक्क ओवी छंदात रचलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं. म्हणजे बेथलेहेमची गोष्ट ओवीत वाचायला मिळाल्याला चारशेहून जास्त वर्षं झाली!

चांदणी: वाट दाखवणारी

पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एक तारा दिसला आणि त्याच्या मागोमाग चालत ते बाळ येशूपर्यंत पोहोचले, अशी कथा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. दारात टांगलेली चांदणी म्हणजे तो तारा. 'या घरी या, बाळ इथे आहे,' असं सांगणारी.

हे ज्ञानी लोक तीन होते, असं आपण ऐकलेलं असतं. बायबलमध्ये मात्र आकडा नाही. भेटी तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसंही तीन ठरली! त्यांचा सण ६ जानेवारीला असतो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कासावली इथे तो थाटात होतो. अनेक घरांतली नाताळची सजावट तोपर्यंत काढत नाहीत, ती याचमुळे.

युरोपातली कागदी टोकदार चांदणी तर शाळेत जन्मली! जर्मनीतल्या नीस्की गावात मोरावियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमिती शिकवताना मुलांकडून ती करून घेत. आपल्याकडे बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन आकाशकंदील करणाऱ्या हातांना चांदणी काही अवघड नाही. दिवाळीचा उरलेला कागद असेलच घरात!

गोठा: सगळ्याच्या मध्यभागी

माझ्या मते नाताळची खरी सजावट म्हणजे गोठा. झाड नसलं तरी सण होतो, पण गोठ्याशिवाय ख्रिस्ती घरात नाताळ अपुरा वाटतो. गोव्यात त्याला 'गोठो' म्हणतात, इकडे कन्नडमध्ये 'गोदली'. गोदली म्हणजे गुरांना चारा घालायची जागा, आपली गव्हाण. सरायीत जागा मिळाली नाही म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं, ही ती कथा.

असा गोठा मांडण्याची प्रथा लोकप्रिय केली इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. १२२३ मध्ये ग्रेचो नावाच्या डोंगरातल्या गावी त्यांनी नाताळच्या रात्री खराखुरा चारा, खराखुरा बैल आणि गाढव आणवलं. लॅटिन न कळणाऱ्या साध्या गावकऱ्यांना ती गरिबी, ती थंडी डोळ्यांनी दिसावी, हा हेतू. गंमत म्हणजे जन्मकथेत बैल आणि गाढवाचा उल्लेखच नाही! ते नंतरच्या परंपरेतून आले आणि असे रुळले, की आता त्यांच्याशिवाय गोठा रिकामा वाटतो.

म्हैसूरच्या लोकांना यात काहीच परकं वाटत नाही. आमच्याकडे दसऱ्याला घरोघरी 'गोंबे हब्बा' असतो. पायऱ्यांवर राजाराणीच्या जोडीसह कितीतरी बाहुल्या मांडायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बघायला बोलवायचं. दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या ख्रिस्ती घरात मेंढपाळ, मेंढ्या आणि देवदूत मांडले जातात. बाहुल्या वेगळ्या, हौस तीच. गोव्यात आणि मंगळुरूकडे तर काही जण आधी आठवडाभर नाचणी किंवा भात पेरून गोठ्याभोवती हिरवंगार शेत उगवतात. घटस्थापनेचं धान आठवलं ना?

आमच्या इमारतीत एक ख्रिस्ती आंटी राहतात. त्यांच्या गोठ्यात २४ तारखेच्या संध्याकाळी सगळं असतं, फक्त गव्हाण रिकामी असते. एकदा खालच्या मजल्यावरच्या छोटीला वाटलं की बाळ हरवलं. तिने आपली इवलीशी बाहुली आणून तिथे ठेवली. तिची आई ओशाळली आणि बाहुली उचलायला धावली. आंटींनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "राहू दे गं. बाळ मध्यरात्रीच्या मिस्साला येणार. तोपर्यंत कुणीतरी जागा राखायला हवीच की."

अनेक घरांत असाच रिवाज आहे. मध्यरात्र होईपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची आणि मग बाळाची मूर्ती आणून ठेवायची. वाट बघण्यातही एक सण असतो.

झाड आणि चकाकणारे गोळे

ख्रिसमस ट्री जर्मन भाषक मुलखातला. २४ डिसेंबर हा तिथे आदम आणि हव्वा यांचा दिवस. त्या निमित्ताने होणाऱ्या नाटकात सूचिपर्णी झाडाला सफरचंदं टांगत. पुढे हे झाड घरात आलं. स्ट्रासबुर्गमध्ये घरातल्या झाडांना कागदी गुलाब आणि सफरचंदं लावत, अशी १६०५ ची नोंद आहे. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडासोबतचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि इंग्लंडभर झाडाची टूम निघाली. विजेचे दिवे आले ते १८८२ मध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडाला ८० दिवे लावले.

आणि गोळे? ते म्हणजे त्या सफरचंदांचेच वारसदार. जर्मनीतल्या लाउशा या काचकामगारांच्या गावची एक दंतकथा आहे. एका गरीब कारागिराला सफरचंदं आणि अक्रोड विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून त्याने काच फुंकून फळं तयार केली! कथा खरी-खोटी काही असो, काचेच्या गोळ्यांसाठी ते गाव आजही प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे फरचं झाड कुठून आणायचं? म्हणून नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते बहुधा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून आलेलं अरौकारिया असतं. किनारपट्टीवर सुरूची फांदीही छान चालते.

सांता येशूचा कोण?

नात्याने कुणीच नाही! संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं करायला पैसे नव्हते. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची सर्वात प्रसिद्ध कथा. पुढच्या काळातल्या कथेत ते सोनं वाळत घातलेल्या मोज्यात पडलं आणि मोजे टांगायची पद्धत पडली.

डच लोक त्यांना 'सिंटरक्लास' म्हणत. अमेरिकेत त्याचं 'सांताक्लॉज' झालं. आठ रेनडिअरची गाडी १८२३ मध्ये छापलेल्या एका कवितेने लोकप्रिय केली, गुबगुबीत रूप १८६३ पासून थॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्रांनी दिलं. लाल कोट कोका कोलाने चढवला असं सांगतात, ते मात्र खरं नाही. त्यांच्या जाहिरातीतला सांता १९३१ चा. त्याआधीही सांता लाल कपड्यांत दिसत होताच, जाहिरातींनी तो जगभर नेला एवढंच.

या सगळ्यात मूळ गोष्टीतला महत्त्वाचा भाग मागे पडला. निकोलस यांनी मदत केली ती रात्री, अंधारात, घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून.

हिरवं चक्र, शुभेच्छापत्र आणि लाल पानं

चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र तुम्ही चर्चमध्ये पाहिलं असेल. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न हे धर्मगुरू निराधार मुलांची संस्था चालवत. "नाताळ कधी? नाताळ कधी?" असं मुलं सारखी विचारत. विखर्न यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोजची एक लहान लाल, रविवारची मोठी पांढरी. मुलं दिवस मोजू लागली! नंतर फक्त रविवारच्या चार उरल्या.

पहिलं छापील नाताळकार्ड १८४३ चं. लंडनच्या हेन्री कोल यांना इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून कार्ड काढून घेतलं. मधोमध मेजवानीला बसलेलं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसं.

आणि पॉइन्सेटिया, म्हैसूरच्या बागांतही डिसेंबरात लालबुंद होणारं झाड. ते मूळचं मेक्सिकोचं. तिथली लोककथा सांगते, की एका गरीब मुलीकडे बाळाला द्यायला काही नव्हतं. तिने रस्त्याकडेचं रानगवत नेलं आणि ते लाल फुलून आलं. खरं तर लाल दिसतात ती पानं, फुलं मधे इवलीशी असतात. मात्र त्याच्या चिकाने त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून लहानग्यांना जरा जपा.

आता ताटाकडे वळूया

प्लम केकमध्ये प्लम नसतो! जुन्या इंग्रजीत सुकवलेल्या मनुकांनाही 'प्लम' म्हणत. भारतातला पहिला नाताळचा केक केरळातल्या थलस्सेरीला १८८३ मध्ये मांबळ्ळी बापू यांनी भाजला, असं सांगतात.

पण आपलं तोंड जास्त खवळतं ते गोव्या-मंगळुरूकडच्या 'कुसवार'च्या ताटाने. काट्याच्या पाठीवर वळलेल्या कलकल, दोदोल आणि नेवऱ्या, म्हणजे चक्क आपल्या करंज्या! दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळला कुसवारचं आपल्याकडे येतं. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं, हे दोन्हीकडच्या आयांना ठाऊक असतं.

लक्षात आलं का साम्य?

सरायीत जागा न मिळालेलं कुटुंब. लग्नाला पैसे नसलेल्या मुली. सफरचंद न परवडणारा कारागीर. निराधार मुलांसाठीचं जुनं चाक. रानगवत घेऊन आलेली पोर. नाताळच्या या झगमगाटाच्या तळाशी बहुतेक ठिकाणी कुणीतरी गरीब माणूस आहे आणि त्याच्यासाठी थांबलेलं दुसरं कुणीतरी.

म्हणून यंदा घरात सजावट करणार असाल तर हे तीन बेत बघा:

* एक तरी चांदणी मुलांसोबत घरी करा. करता करता तिची गोष्ट सांगा.
* चर्चमधला किंवा शेजाऱ्यांचा गोठा बघायला जा. तो त्यांचा देव्हारा आहे हे मुलांना आधी समजावा. फोटो विचारून काढा आणि मूर्तींना हात लावू नका.
* सांताची एक भेट मुलांच्या हातून, नाव न सांगता, गरज असलेल्या कुणापर्यंत पोहोचवा. इमारतीचे वॉचमनकाका, कामाला येणाऱ्या ताईंची मुलं, कुणीही.

तिसरा बेत जमला तर बाकीची सजावट थोडी कमी झाली तरी चालेल. संत निकोलस यांच्याकडे तरी कुठे झगमगत्या माळा होत्या? एक थैली होती आणि एक उघडी खिडकी.

तुम्हा सर्वांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा!