‘सावध राहा’ म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब द्यावा

मोबाईलवर जाहिरात टाकून घरातली वस्तू विकायला निघालेला कामगार लुबाडला गेला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘लोभाला बळी पडला’ हे एक आणि ‘एवढा शिकलेला असून कळले कसे नाही’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये खोटी आहेत. ती कोणाच्या सोयीची आहेत, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

आधी लोभाचे पाहू. जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउनसारख्या वस्त्यांत राहणारा आपला मराठी रेल्वे किंवा टपाल कामगार वस्तू विकतो ती केव्हा? बदलीचा हुकूम हातात पडतो आणि थोड्या दिवसांत बिऱ्हाड हलवायचे असते तेव्हा. निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करायचे असते तेव्हा. फ्रीज, स्कूटर, सागवानी कपाट, कधी अडचणीपायी बायकोच्या बांगड्याही. यात लोभ कुठे आला? ही गरज आहे, आणि गरजेबरोबर घाई आहे. ठग नेमकी ही घाई हेरतो.

त्याची रीत आता ठरून गेलेली आहे. तो बहुधा स्वतःला फौजी म्हणवतो. जबलपूर हे छावणीचे गाव. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल केंद्रे इथेच आहेत, वर्दीतला माणूस रोज डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे ओळखपत्राचा फोटो आला की इथे संशय येत नाही. हा गिऱ्हाईक भावात घासाघीस करत नाही. पहिली खूण हीच. ‘मी ड्यूटीवर आहे, सामान न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच घ्या,’ असे तो सांगतो. आधी पाच-दहा रुपये खरेच जमा करतो, म्हणजे विश्वास बसतो. मग मोठ्या रकमेचा चौकोनी कोड धाडतो आणि म्हणतो, ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.’ पिन टाकताच पैसे जातात. ‘चुकून झाले, परत करतो’ म्हणत दुसरा कोड येतो. घाबरलेला माणूस तोही स्कॅन करतो.

तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पिन म्हणजे तुमच्या चेकवरची तुमची सही. पैसे घेणाऱ्याला स्वतःच्या चेकवर सही करावी लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलेही ॲप उतरवून घ्यावे लागत नाही, आणि आधी वाहतूक खर्च किंवा कर भरावा लागत नाही. ‘पैसे जमा’ असा संदेश किंवा फोटो आला तर त्यावर विसंबू नका. स्वतः खाते उघडून शिल्लक पाहा, मगच वस्तू हातची सोडा. मौल्यवान वस्तूचा व्यवहार बँकेच्या आवारात, दोन माणसांसमक्ष करा. सोने ओळखीच्या सराफाकडेच मोडा. गाडी विकली तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते परिवहन कार्यालयात पोचल्याची खात्री करा, नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि अपघाताची नोटीस तुमच्या दारी.

हे सगळे आपण करू. पण एवढ्यावर प्रश्न संपतो काय? सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे सायबर फसवणुकीत २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात देश तिप्पट लोभी झाला, की तिप्पट अडाणी?

यूपीआय २०१६ साली आले. त्यात अनोळखी माणसालाही आपल्याकडे ‘पैशाची मागणी’ पाठवता येत असे. ती मंजूर करून पिन टाकला की पैसे जात. ठगांनी हे दार मनसोक्त वापरले. व्यक्ती-व्यक्तीमधली ही सोय बंद झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून. म्हणजे नऊ वर्षे दार उघडे होते. तेवढी वर्षे जाहिराती मात्र एकच सांगत होत्या: सावध राहा. दार ज्यांनी उघडे ठेवले, त्यांना निष्काळजी कोण म्हणाले?

बँकांचेही तेच. आपल्या पेन्शनराला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ठगाला भाड्याची खाती सहज मिळतात. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले. या टोळ्यांनी देशभरातल्या सुमारे २८ हजार लोकांना शंभर कोटींच्या आसपास गंडवल्याचे पोलिसांनी सांगितले. एवढी सिमकार्डे आणि एवढी खाती आकाशातून पडली नाहीत. कोणीतरी ती दिली. जाहिराती छापून कमाई करणाऱ्या कंपन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ची ढाल पुढे करतात: आम्ही केवळ मध्यस्थ.

‘पण पिन तर कामगारानेच टाकला ना?’ असे कोणी विचारील. होय. रेल्वेत सिग्नल ओलांडला जातो तेव्हाही हात लोको पायलटचाच असतो. तरी ड्यूटीचे तास किती झाले होते, सिग्नल दिसत होता काय, ब्रेक कसे होते, हे विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही, असे आपण पिढ्यानपिढ्या मांडत आलो. इथे चौकशी पिनपाशीच का थांबते?

टपालातल्या बांधवांना उत्तर ठाऊक आहे. १८७७ साली व्हीपी सुरू झाली, तिचे तत्त्व साधे होते. दोन अनोळखी माणसांच्या मधे जबाबदार पोस्ट उभे राहिले. पोस्टमनने पैसे घ्यावे, मग वस्तू द्यावी. आजच्या बाजारातून नेमका हा जबाबदार तिसरा काढून टाकला आहे, नफा ठेवला आहे. आणि याच जबलपुरात १८३० च्या दशकात स्लीमनने ठगीविरुद्ध मोहीम चालवली. कटनी मार्गावरचे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे. इंग्रजांनी रंगवलेले ठगीचे चित्र कितपत खरे, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण परक्या सरकारनेही वाटसरूला नुसते ‘सावध राहा’ म्हणून सोडले नाही, त्यासाठी स्वतंत्र खाते उभारले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. विक्रीच्या जाहिराती घेणाऱ्या कंपन्यांनी दोन्ही बाजूंची ओळख तपासावी, आणि वस्तू पोचेपर्यंत पैसे जबाबदार तिसऱ्याकडे राहावेत. हे काम टपाल खात्याइतके दुसरे कोण करू शकेल? ज्या बँकेत ठगाचे खाते निघते, तिने नुकसानीचा वाटा उचलावा.

तोवर शाखांनी स्वस्थ बसू नये. फसवणूक झाली तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या चुकीने गेलेला पैसा त्याच्या अंगावर पडतो, पण कळवल्यानंतर जो जाईल तो बँकेच्या अंगावर. म्हणून मिनिटे मोलाची. ‘हद्द आमची नाही’ असे ठाणेदार म्हणाला तर त्याला सांगा की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आपल्या पोरांना बजावा, दोन-चार हजारांसाठी बँकेचे खाते कोणाला वापरायला देऊ नका. पोलीस आधी त्यांच्याच दारात येतील.

आणि फसलेल्या सहकाऱ्याला हसू नका. लाजेने तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर ठगाचा पुढचा दिवस चालतो. प्रत्येक शाखेत एका माणसावर हे काम सोपवा, तक्रारी गोळा करा, आकडे मांडा, आणि ते घेऊन बँकेच्या दारात एकेकटे नव्हे, युनियन म्हणून जा!